अदलाबदल

"खरं सांग, पपई खाल्ली होतीस का?" माझ्या केसांना तेल लावताना आईनं पुन्हा विचारलं.

बाळ पोटातच गेलं, त्याला पंधरवडा झाला होता. तपासणीत त्याचं एक गुणसूत्र जास्त निघालं. मी प्रयोगशाळेत रोज तेच बघते, पण आईला नीट कधी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या हातातले वेणीचे दोन पेड धरले.

"गुणसूत्रांची जोडी अशी असते, घट्ट गुंडाळलेली. कुठे सैल व्हायचं, याच्या खुणा तिच्यावर असतात. सैल झालं की तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकतात, तुकड्यांची अदलाबदल करतात. अडकलेच नाहीत, तर पुढे वाटणी चुकते. माझ्या बीजात तसंच झालं असेल. पपईचा काय संबंध? हे अडकणं मी जन्मायच्या आधीच होऊन गेलं."

"आधी म्हणजे?"

"मुलगी आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तिची बीजं तयार व्हायला लागतात."

तिची बोटं थांबली. मग तिनं वेणी घातली. मला वाटलं, तिला पटलं.

दुपारी मी सासरी निघाले. ताटात तांदूळ, नारळ, खण, सगळं तयार होतं. मी ओढणी पसरली, तर आई दारातून शेजारच्या नलूकाकूंना हाका मारत होती.

"अगं आई, तूच भर ना ओटी."

"त्यांची नातवंडं बघ, कशी ठणठणीत आहेत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या हातून नको."