चौथ्या मिनिटाला हिरवा

पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाच्या पातळ थराचे निळे दिवे आमच्या कोरियातल्या डेजॉनच्या प्रयोगशाळेत सगळेच बनवायचे आणि वीज दिली की पाच मिनिटांत सगळ्यांचेच हिरवे पडायचे. फक्त हे-रिन नावाच्या विद्यार्थिनीचा दिवा तासभर निळा राहायचा आणि उजेडही दुप्पट द्यायचा. कशामुळे, ते तिलाही सांगता येत नव्हतं. पोरगी आकडे रंगवते, अशी कुजबुज सुरू झाली.

शेवटी प्राध्यापक माएंग म्हणाले, "उद्या माझ्यासमोर कर. तोंडं तरी बंद होतील यांची."

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ धरून तिच्यामागे उभे राहिले. मापं तीच, हात तोच. दिवा सुरेख निळा लागला. चौथ्या मिनिटाला हिरवा पडला.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. हे-रिन पांढरीफटक झाली.

"आज काय वेगळं केलंस?" माएंगनी विचारलं.

"काहीच नाही, सर. खरंच."

"नीट आठव."

"तुम्ही बघणार म्हणून थराचं द्रावण कालवायची बाटली तेवढी सकाळी घासून धुतली. दीड वर्षं तशीच वापरत होते. तळाशी राप बसला होता, लाज वाटली."

माएंग मटकन स्टुलावर बसले.

"आणि तो राप?"

"धुवणासकट टाकाऊ रसायनांच्या डब्यात ओतला, सर, नियमाप्रमाणे. नऊ वाजता गाडी येऊन डबा घेऊन गेली."