पाळण्याची कड

संग्रहालयात, जुन्या घरगुती वस्तूंच्या दालनात, दोरीपलीकडे, आमच्या घरचा पाळणा ठेवला होता. माझी मुलगी झाली तेव्हा मी तो दादाकडे मागितला होता. "अगं, वाळवीनं पार पोखरला होता, जाळून टाकला," असं त्यानं तोंड वर करून सांगितलं होतं. मग माझी लेक बिचारी कपड्यांच्या टोपलीत झोपली. आणि इथं पितळी पाटीवर दादाचं नाव झळकत होतं, खाली 'यांच्याकडून सप्रेम भेट'.

गाइड बाई मुलांना कौतुकानं सांगत होत्या, "आणि ही कड बघितलीत? उंदरांनी कुरतडलीय बरं का!"

माझा धाकटा खिदळला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"उंदीर नाही हो, मी," मी म्हटलं. "मला दात येत होते तेव्हा. पाळणा खाऊन संपवशील, म्हणून आई रोज ओरडायची."

लेकीनं पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा आपला होता? मग मी टोपलीत का झोपायचे?"

मी तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, मुलांना घेऊन आलेय, तुझा वाळवीनं खाल्लेला पाळणा बघायला. कडेवर माझ्या दातांच्या खुणा अजून तशाच आहेत."

दोरीला टेकून मी पुढे म्हटलं,

"तेव्हा दोनच दात होते मला. आता सगळे आलेत."