सत्तावीस नंबरची फेरी

समीक्षाला या कामातून बरंच मिळायचं होतं. नोकरी टिकणार होती. काम कारापूरच्या घरूनच व्हायचं, म्हणजे पणजीला जायची बस कायमची सुटणार होती. सेजलच्या पुढे एकदाचं जाता येणार होतं, हे ती मोठ्याने म्हणत नसे. द्यायचं काहीच नव्हतं. सोमवारपर्यंत एक जुना प्रोग्राम साफ करायचा, एवढंच.

पणजीतल्या त्या कंपनीत तिच्या विभागात आठ माणसं होती. कोड लिहिणारं एआयचं टूल आलं आणि दोन उरली, ती आणि सेजल. साहेबांनी दोघींना एकेक काम देऊन सांगितलं, पुढच्या महिन्यापासून एकच माणूस पुरे. कोण, ते कामच ठरवील. साहेब असली वाक्यं फार गोड बोलत.

समीक्षाच्या वाट्याला सुर्ल्याच्या ट्रक संघटनेचा प्रोग्राम आला. खाणीवर कोणत्या ट्रकची फेरी कधी, याची यादी तो दर आठवड्याला काढायचा. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला होता.

घरी ती पुढच्या खोलीत, जनेलाच्या उजेडात, जुन्या मेजापाशी बसायची. मेजाच्या एका पायाखाली पत्र्याचा गोल बिल्ला सरकवलेला होता, म्हणून ते डगमगत नसे. ऑफिसात असताना काही अडलं की शेजारच्या खुर्चीला विचारायचं; ती खुर्ची आधी तिला वेडी म्हणायची, मग उत्तर द्यायची. टूल लगेच उत्तर द्यायचं, तेही आदराने. दिवसच्या दिवस तिला कोणी वेडी म्हणत नसे.

घरात दुसरं माणूस म्हणजे आई, सुलोचना. गुडघ्यांमुळे तिला उंबरठा ओलांडवत नसे. बाहेरचं जग तिच्याकडे मंगळवारी यायचं. समीक्षाचे वडील सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. ती सातवीत असताना गेले. त्यांच्या सोबत्यांपैकी कोणी ना कोणी अजून मंगळवारी टपकायचा.

त्या मंगळवारी संदीप आला. मूळचा सावंतवाडीकडचा, आता सुर्ल्यातच राहणारा. हातात भाजी, गरम उंडे पाव आणि आईच्या गोळ्या.

"वाटेतच होतंय वहिनी, म्हणून इलंय."

"सुर्ल्यातल्या माणसाची वाट कारापूरवरून कशी जाते रे?"

"ट्रकवाल्याक सगळ्यो वाटो सारख्योच."

त्याने पाण्याच्या पंपाची वायर जोडून दिली आणि तासभर गजाली केल्या. खाणीवर कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या मुलीचं कुठे ठरलं. आई हसली. ती आठवड्यातून एकदाच हसायची, आणि नेमकी समीक्षाच्या मीटिंगमध्ये.

"या लोकांना कामधंदा नाही का गो?" तो गेल्यावर समीक्षा म्हणाली.

"असू दे," आई कप गोळा करत म्हणाली. "येतात बिचारे."

शनिवारी टूल एका जागी थांबलं. पडद्यावर मजकूर आला: सत्तावीस नंबरचा ट्रक नोंदवहीत नाही. मालकाचं नाव नाही. तरी दर मंगळवारी त्याच्या नावाने एक फेरी निघते. ती ज्या चालकाला लागते, तो त्या दिवशी माल भरत नाही. यामागे काही कारण असू शकेल. संघटनेला विचारायचं, की ही अट काढायची?

संघटनेला विचारायचं म्हणजे तिथले कारकून गोकुळदासकाका. त्यांना फोन म्हणजे अर्धा तास. आधी आईचे गुडघे, मग लग्नाचं काय. समीक्षाने अर्धा तास वाचवला. 'काढा' म्हटलं. टूलने आभार मानले.

सोमवारच्या अहवालात तिने लिहिलं: वाया जाणारी फेरी, आठवड्याला एक, वाचवली. साहेबांनी नेमक्या त्याच ओळीला शाबासकी दिली. संध्याकाळी कळलं की सेजलला नारळ मिळाला. 'अभिनंदन गो,' एवढाच तिचा मेसेज आला. समीक्षाने उत्तर टूलकडून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नवी यादी लागू झाली.

आईने तीन वाजता कप काढून ठेवले. पाच वाजले. कोणी आलं नाही.

"कामात असतील," आई म्हणाली.

पुढच्या मंगळवारी तिने केस विंचरले, कप काढले, पुन्हा ठेवले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. चौथ्या मंगळवारी तिने कप काढलेच नाहीत.

समीक्षाने गोकुळदासकाकांना फोन लावला. निमित्त कामाचं.

"काका, यादी बरोबर येते ना?"

"एकदम बरोबर गो बाय. एक ट्रक रिकामा राहत नाही."

"म्हणजे तक्रार नाही."

"तक्रार कसली." काकांनी यादीचं पान उलटल्याचा आवाज आला. "तो सत्तावीस तेवढा दिसत नाही."

"तसा ट्रकच नाही काका. फेरी फुकट जात होती."

"ट्रक नाही, ते खरं. पंधरा वर्षं झाली."

"मग ती फेरी करायचं कोण?"

"लागेल तो. पोरांनी आपसात ठरवलेलं होतं ते."

"पुन्हा घालू का?"

"आता कशी घालशील? एक फेरी वाढली ती खाणीवरच्या साहेबांनी बघितली. ते सोडतात होय?" मग त्यांनी नेहमीचं विचारलं, "आईचे गुडघे कसे?"

फोन ठेवून समीक्षा बसून राहिली. नोकरी मिळाली होती, बस सुटली होती, सेजल मागे पडली होती. मिळायचं ते सगळं जमा होतं. याची किंमत कोणी भरली, तेवढी ओळ रिकामी होती.

ती उठली तेव्हा खुर्चीचा धक्का मेजाला लागला. पायाखालचा बिल्ला सरकून बाहेर आला आणि मेज डगमगलं.

"टाकू नको हां तो," आई आतून म्हणाली. "तुझ्या बाबाच्या ट्रकचा आहे."

समीक्षाने बिल्ला उचलला. खालच्या बाजूला खाणीची लाल धूळ घट्ट बसली होती. तिने ती अंगठ्याने पुसली. आधी दोनचा आकडा दिसला, मग सातचा.