मागची पावलं

डॉक्टरांनी बजावलंय, बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. म्हणून संध्याकाळी मैदानाभोवती मी स्वतःशीच पुटपुटत धावते: साखर आटोक्यात आहे, वजन उतरतंय.

वजन उतरू लागलं, तशा मागून धापा ऐकू येऊ लागल्या. जड पावलं, डावा पाय घासत. पूर्वी मी अशीच चालायचे. वळून पाहिलं की कुणी नसायचं.

मी हलकी होत गेले, ती पावलं जड होत गेली.

आज ती पावलं माझ्यामागून जिना चढून दारापर्यंत आली. नवऱ्याने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे केला.

"दमलीस ना? ये, सावकाश."

इतक्या मायेने तो माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

धापा मला घासून आत गेल्या. त्याने आतून कडी लावली. मी पायरीवरच होते.