कोणाकडून ऐकला

हेमानं दत्तक घेतलेली सलोनी तीन वर्षांची झाली, तरी तिच्या तोंडून पूर्ण वाक्य काही फुटेना. स्पीच थेरपीच्या बाईंनी हेमाला एक वही दिली. नवा शब्द लिहायचा आणि शेजारी तो कोणाकडून ऐकला ते.

“मूल घरात ऐकतं तेच बोलतं,” बाई म्हणाल्या.

“रक्तात असावं लागतं,” सासूबाई म्हणाल्या.

हेमा चिकाटीनं लिहीत राहिली. ‘चहा’, आजोबांकडून. ‘अहो’, आजीकडून. तिच्या स्वतःच्या नावापुढे मात्र एकही शब्द नव्हता.

एका दुपारी सलोनी बाहुलीला वरणभात भरवत होती. बाहुली तोंड उघडेना. सलोनीनं चमचा आपटला, कपाळाला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कितीही करा, परकं रक्त ते परकंच!”

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “हे मी नाही हं बोलले कधी तिच्यासमोर!”

हेमाला ते ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात ती बहिणीशी फोनवर बोलत होती, तेव्हा सलोनी तिच्या मांडीवर झोपली आहे असंच तिला वाटलं होतं.

तिनं वही उघडली. वाक्य लिहिलं आणि शेजारी लिहिलं, ‘आई’.