मापाचं डोकं

"मशीनच बिघडलंय, मी सांगते ना तुम्हाला," ती म्हणाली. अंगठी आणि घड्याळ काढून तिनं डॉक्टरांच्या हातावर ठेवलं.

डॉक्टर म्हणजे तिचा नवरा. म्हातारपणी मेंदू कसा झिजतो, याचा अभ्यास दोघं याच खोलीत करत होती. माणसं ते तपासायचे, मेंदूचा स्कॅन काढणारं एमआरआय मशीन ती चालवायची. विजेच्या तारेवर रबर असतं तसं मेंदूतल्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, मायलिन. ते दाट असलं की स्कॅनचं चित्र लख्ख येतं, झिजलं की काळवंडतं. मशीनचं माप चुकत नाही ना, हे बघायला दर महिन्याला एक निरोगी डोकं आत घालायचं. ते मापाचं डोकं डॉक्टरांचं. "नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते बायकोला खरंच दिसतं, असं हे एकच घर!" असं ते येईल त्याला सांगायचे.

गेलं वर्षभर ते चित्र काळवंडत चाललं होतं. ती मशीनच्या हात धुऊन मागे लागली. इंजिनिअरला पुन्हा पुन्हा बोलावलं. त्याला दोष सापडेना, तर तिनं त्यालाच फैलावर घेतलं. बोलता बोलता डॉक्टरांचे शब्द अडायला लागले होते, ते तिनं वयावर ढकललं. दुसरी शंका बोलून दाखवायला तिची जीभच रेटेना.

आता एकच उपाय उरला होता. मशीन नवं आलं तेव्हा तिचंही एक चित्र काढलं होतं. आज तसंच पुन्हा काढायचं. तेही काळवंडलेलं निघालं, तर दोष मशीनचा.

ती आत सरकली. मशीनची धडधड सुरू झाली. इथे पडल्या पडल्या माणसं देवाकडे चांगला निकाल मागतात. तिनं उलटंच मागितलं. देवा, माझं चित्र खराब येऊ दे.

पहिलं चित्र संपलं, दुसरं सुरू झालं. बाहेर पडद्यासमोर आज तिच्या जागी डॉक्टर बसले होते.

"अगं," कानावरच्या फोनमधून त्यांचा आवाज आला, "तुझं अगदी तेव्हासारखंच आहे. लख्ख."

तिनं डोळे मिटून घेतले. एवढी चांगली बातमी कुणाला एवढी वाईट वाटली नसेल.

"बिचाऱ्या मशीनला आपण उगाच शिव्या घातल्या," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "रडू नकोस गं. चित्र हलतंय."