तीन वाटांचा ॲम्प्लिफायर

सकाळी साडेनऊ वाजता देवजी तांडेलाने दुकानातला सर्वांत मोठा ॲम्प्लिफायर नाकारला. साल एकोणीसशे पासष्ट. डहाणू रोडच्या बाजारात असलं सामान दौलतच्या दुकानाखेरीज कुठे मिळत नव्हतं.

"तांडेल, याच्यापुढे डहाणूत काही नाही," दौलत त्याच्या कानाशी ओरडला. "अख्ख्या वरातीला पुरतो."

"वरात कोणाची काढू, माझी? घरात लावायचाय. तीन खोल्या, तीन माइक, तीन स्पीकर."

"मग हाच न्या. तिन्ही माइक यालाच जोडतो. सगळं सगळीकडे ऐकू येईल."

"सगळं सगळीकडे नको. चुलीकडचं चुलीकडेच वाजलं पाहिजे, ओटीवरचं ओटीवर. एकात एक आलं तर मासळीबाजार होईल."

"पण तुम्ही एकटे. माइकवर बोलणार कोण?"

"तुझ्याकडे आहे का तसा? नसेल तर मुंबई गाठतो."

होता. एका नाटक मंडळीने मुद्दाम बनवून घेतला होता आणि ती मंडळी पुन्हा फिरकली नव्हती. डबा एकच, पण आत तीन वेगळ्या वाटा. प्रत्येक माइकचा आवाज आपल्या वाटेने आपल्याच स्पीकरला जाई, आणि प्रत्येक वाटेला स्वतःचं बटण. देवजीने एकेक बटण फिरवलं. प्रत्येक वेळी बाकीचे दोन स्पीकर गप्प राहतात का, एवढंच पाहिलं. गाणं कसं वाजतं ते विचारलंसुद्धा नाही.

देवजीचं घर गावठाणात, समुद्राकडच्या अंगाला. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली गेली. इकडे देवजी, तिकडे धाकटा भाऊ नारू, त्याची बायको शांती आणि मुलगी वेणू. भांडण होतं बोटीवरून. देवजीला इंजिन बसवायचं होतं, नारूला शीड सोडायचं नव्हतं. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. शांती तर रीतीप्रमाणे थोरल्या दिरासमोर कधी बोललीच नव्हती.

पण भिंत कौलांपर्यंत गेली नव्हती. वरून आवाज येत. सकाळी शांतीची भांडी, दुपारी नारूचं खोकणं, तिन्हीसांजेला ओटीवर वेणूचे पाढे. देवजीची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. तो त्या आवाजांबरोबर उठायचा आणि त्यांच्याबरोबर जेवायचा. वेणू कुठल्या पाढ्याला अडते तेही त्याला ठाऊक होतं.

गेली दोन वर्षं ते आवाज विझत चालले होते. देवजीने त्याचा अर्थ लावला होता. थोरल्याच्या कानावर जाऊ नये म्हणून पलीकडे आता कुजबुजत बोलतात. भांडण त्याला कधी एवढं लागलं नव्हतं. आपल्या कानांवर त्याने संशय घेतला नाही. वाटणीनंतर त्याने बसवलेल्या इंजिनाच्या धडधडीत बोटीवर सगळेच ओरडून बोलत, आणि किनाऱ्यावरही कोणी त्याच्याशी ओरडून बोललं तर त्यात त्याला वेगळं काही वाटत नसे.

दुपारी दौलत तारा ओढायला आला. माइक भिंतीच्या माथ्यावर, पलीकडे तोंड करून बसवायचे आहेत हे कळल्यावर तो शिडीवरच थांबला.

"तांडेल, हे बरं नाही. भावाच्या घराला कान लावायचे?"

"मी त्यांना माझ्याशी बोला म्हणतोय का?" देवजी म्हणाला. "आपापसात पूर्वीसारखं बोलू देत, एवढंच."

"नारूने पाहिलं तर उद्या भिंत कौलांना भिडवेल."

देवजीलाही तीच भीती होती. मग काहीच उरणार नव्हतं. तो म्हणाला, "बांध तू तारा."

दौलतने स्विच दाबला. व्हॉल्व्ह तापले. चुलीकडचा स्पीकर एकदम गरजला, "वेणूऽऽ, मीठ आण गं!" दौलतने दोन्ही हात कानांवर ठेवले. घरात कोणी असं बोलतं का? खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा तो आवाज होता. देवजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो पाटावर टेकला होता आणि त्याचा चेहरा सैल झाला होता.

"बोंबील तळतेय," तो म्हणाला.

तेवढ्यात ओटीवरच्या स्पीकरने लांबलचक शीळ घातली. त्याचं तोंड माइककडे राहिलं होतं. दौलतने धावत जाऊन तो फिरवला, पण उशीर झाला होता. पलीकडे सगळं थांबलं.

तिन्ही स्पीकर मुके झाले. मग माजघरातल्या स्पीकरमधून स्टूल ओढल्याचा आवाज आला. कोणीतरी माइकच्या अगदी जवळ उभं होतं. श्वास ऐकू येत होता. देवजीचा हात स्विचवर गेला आणि तिथेच राहिला.

"काय आहे हो ते?" शांतीने पलीकडे विचारलं.

"माइक."

"कशाला?"

नारू म्हणाला, "आता ओरडायची गरज नाही. दोन वर्षं तुम्ही दोघींनी घसे फोडलेत, पुरे झालं. दादाला ऐकू येतंय."

त्यानंतर पलीकडचे आवाज खाली आले. देवजीने तिन्ही बटणं थोडी थोडी पुढे सरकवली. नारूने भिंत कौलांना भिडवली नाही, ती अजून तेवढीच आहे. देवजीने पलीकडे नारूला हाक मात्र अजून मारलेली नाही.